सगुणा चटणी

मंगळवार पेठेत बनाबाईंच्या चटणीला नाव नव्हतं. लोक नुसतं "बनाक्काची चटणी" म्हणत, आणि अठरा वर्षं तेवढ्यावर भागलं. पण राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं सांगितलं, नोंदणीचा कागद आणि पाकिटावर नाव असेल तरच माल ठेवीन. म्हणून सोमवारी सकाळी बनाबाई आणि त्यांचे यजमान आकाराम ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात जाऊन बसले.

तिथल्या संयोगितानं आधार कार्ड बघून मालकीण म्हणून बनाबाईंचं नाव घातलं. मग विचारलं, "मावशी, धंद्याचं नाव काय घालू? तुमचंच पायजे असं न्हाय. कायबी चालतंय."

बनाबाई विचारात पडल्या. तेवढ्यात आकाराम म्हणाले, "सगुणा घाल."

सगुणा म्हणजे सासूबाई. बाई वाईट नव्हत्या. पण चटणी त्यांची नव्हती. मिरच्या निवडण्यापासून मसाला कांडायच्या डंकावर रांग धरण्यापर्यंत सगळं बनाबाईंनी केलेलं. तरी परक्या पोरीपुढं नवऱ्याचा शब्द कसा मोडायचा? अर्ज पक्का करायला मोबाइलवर आलेला नंबर त्यांनी सांगून टाकला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आईंचं नाव लावलासा. बरं केलासा."

"आईचं कुठलं? तुजं लावलंय."

बनाबाई जागच्या जागी थांबल्या. लग्नाआधी त्याही सगुणाच होत्या. सासू-सून एका नावाच्या नकोत, म्हणून लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. वडील गेल्यावर ते कुणाच्या तोंडी आलं नव्हतं.

"तुमच्या ध्यानात हाय व्हय?"

"तुला बघाय आलतो की. तुजा बा तीनदा सगुणा, सगुणा म्हनून वरडला, तवा कुठं तू भाईर आलीस."

"दूध उतू चाललं हुतं," बनाबाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत पुढं चालू लागल्या.

आठवड्यानं पाकिटं छापून आली. दुकानात माल द्यायच्या आधी त्यांनी एक पाकीट गारगोटीला धाकट्या भावाकडं धाडलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "सगुणाक्का," त्यानं हाक मारली, "पाकिटावर तुजं नाव वाचलं."

 बनाबाईंनी विचारलं, "तिखट जास्त न्हाय न्हवं झालं?"