बुत्रुसच्या कबरीपाशी दहा माणसं

नफ्ताली रोझनरने बुत्रुस शहादेच्या दारावर थाप मारली, तेव्हा ज्यूंच्या किप्पूरच्या उपासाला तीन दिवस उरले होते. त्या दिवशी देव माणसाची वर्षभराची पापं पुसून टाकतो. पण माणसाने माणसाचा केलेला अपराध देवही पुसत नाही. ज्याचा केला त्याच्याच दारात जाऊन क्षमा मागावी लागते. हे नफ्तालीला लहानपणापासून पाठ होतं. तरी हैफाच्या डोंगरावरून खालच्या ख्रिस्ती वस्तीतल्या या दारापर्यंत उतरायला त्याला एकोणतीस वर्षं लागली.

दार बुत्रुसच्या बायकोने, नजलाने उघडलं. अंगावर काळे कपडे होते.

"बुत्रुस आहेत का?"

"आहेत. कबरस्तानात. फेब्रुवारीपासून."

नफ्तालीने चौकट धरली. नजलाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "तुम्ही ओतशाळेतले मुकादम ना? या आत. दारात उभ्या माणसाला हाकलायची आमच्यात रीत नाही, मग तो कोणी का असेना."

तिने कॉफी आणली. नफ्तालीने पेल्याला हात लावला नाही. मान खाली घालून त्याने सगळं सांगून टाकलं. वितळलेल्या लोखंडाची बादली ज्या साखळीला टांगायची, ती रोज सकाळी तपासणं त्याचं काम होतं. त्या दिवशी न तपासताच त्याने वहीत सही ठोकली. दुपारी साखळी तुटली आणि बुत्रुसचा उजवा हात कोपरापर्यंत जळाला. चौकशीत ठरलं की बुत्रुसनेच बादलीचा आकडा नीट अडकवला नव्हता, म्हणून साखळी तुटली. नफ्ताली तिथेच बसला होता. तो एक अक्षर बोलला नाही.

"त्यांना माहीत होतं," नजला म्हणाली.

"काय?"

"साखळी तुम्ही बघितली नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलले नाहीत. दवाखान्यात शुद्धीवर आले आणि डाव्या हाताने छातीवर क्रूस काढून म्हणाले, नजला, मी त्या माणसाला सोडलं."

"पण मी तर मागितलीच नव्हती क्षमा!"

"आमच्यात मागायची वाट बघत नाहीत. येशूने आमच्या पापांसाठी जीव दिला, तो काय कुणी अर्ज केला म्हणून? आधी त्याने दिलं, मग आम्हाला कळलं."

नफ्तालीने मान वर केली. दर वर्षी तो दिवसभर उपाशी राहून छाती बडवत होता, आणि इथे डोंगराच्या पायथ्याशी एक माणूस त्याला कधीच माफ करून बसला होता! हे ओझं त्याला पापाहून जड वाटलं.

"म्हणजे मी सुटलो?" त्याने घाबरतच विचारलं.

"त्यांच्याकडून. माझ्याकडून नाही." नजलाचा आवाज चढला. "आमच्या रोजच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, आम्ही दुसऱ्याला क्षमा करतो तशी तू आम्हाला कर म्हणून. ती ओळ आली की मी ओठ मिटते. एकोणतीस वर्षं झाली. देवासमोर खोटं कसं बोलू? माझ्या सलमाला शाळेत पोरी चिडवायच्या, तुझ्या बापाने स्वतःचाच हात भाजला म्हणून. ती रडत घरी यायची आणि हे हसून म्हणायचे, जाऊ दे गं! मला नाही जाऊ देता आलं."

नफ्ताली उठून उभा राहिला. "नजलाबाई, मी तुमची क्षमा मागतो."

"आज नाही. जा तुम्ही."

तो तसाच आपल्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेला. म्हातारे रब्बी असुलीन यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्याचा अपराध केला तो वारला असेल, तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि मोठ्याने कबूल करायचं. पण त्याआधी, ज्याचं नाव तू खराब केलंस त्याचं नाव धुऊन दे. नुसत्या रडण्याने डाग जात नाही."

"आणि ती बाई नाही म्हणाली तर?"

"तीनदा जायचं. तिन्ही वेळा मनापासून."

दुसऱ्या दिवशी नफ्ताली पुन्हा त्या दारात उभा राहिला. या वेळी हातात कागद होता. साखळी मी तपासली नाही, सही खोटी होती, बुत्रुस शहादे निर्दोष होता, असं लिहून खाली सही केली होती. एक प्रत त्याने ओतशाळेच्या मालकांना सकाळीच देऊन टाकली होती. त्याने दुसऱ्यांदा क्षमा मागितली आणि उद्या सकाळी दहा माणसं घेऊन कबरीपाशी येतो म्हणून सांगितलं. नजलाने उभ्यानेच कागद वाचला, पुन्हा वाचला.

"हा सलमाला दाखवते," एवढंच ती म्हणाली. क्षमेचं नाव काढलं नाही.

माणसं जमवताना प्रार्थनाघराचा कारभारी मेनाशे वैतागला. "अरे, सकाळच्या प्रार्थनेला दहा टाळकी गोळा करताना माझी दमछाक होते, आणि तू त्यांना ख्रिस्ती कबरस्तानात न्यायला निघालास!" पण उपासाच्या आदल्या दिवशी सकाळी तोच सगळ्यांच्या पुढे होता. अकरावा एक म्हातारा याजकांच्या कुळातला, त्याला कबरस्तानात पाऊल टाकायची मनाई. तो हट्टाने आला आणि भिंतीबाहेर उन्हात उभा राहिला.

नजला आधीच येऊन थांबली होती. शेजारी सलमा होती, आता तिचेही केस पिकू लागले होते.

क्रूसाखाली दगडावर बुत्रुसचं नाव कोरलं होतं. नफ्तालीने पायातले बूट काढले. त्याला वाटलं होतं की आवाज फुटणार नाही, पण फुटला, आणि तो त्यालाच परका वाटला. "मी इस्राएलाच्या देवासमोर आणि या बुत्रुस शहादेसमोर पाप केलं. त्याचा हात माझ्यामुळे गेला. त्याचं नाव मी बुडू दिलं."

दहा जणांनी एका सुरात उत्तर दिलं, "तुला क्षमा असो." रीतीप्रमाणे एकदा, दोनदा, तीनदा. वारा पडला होता. खाली समुद्र दिसत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

नफ्ताली नजलाकडे वळला. क्षमा मागायची ही तिसरी खेप होती. तो नुसता उभा राहिला, रिकामे हात पुढे करून.

नजलाने कबरीकडे पाहिलं आणि हळू आवाजात आपली रोजची प्रार्थना म्हणायला लागली. सलमाही म्हणू लागली. क्षमेची ती ओळ जवळ आली तशी सलमा थांबली. आई इथे गप्प होते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

नजला थांबली नाही. तिने ती ओळ म्हटली, शब्दन् शब्द, आणि म्हणताना तिचे डोळे नफ्तालीवर होते.

 नफ्तालीने दोन्ही गुडघे जमिनीला टेकले. आजवर कोणत्याही उपासाला, कोणत्याही प्रार्थनाघरात देव इतका जवळ आलेला त्याला जाणवला नव्हता. मेनाशेसारखा तोंडाळ माणूसही टोपी सावरत खाली बघत राहिला. भिंतीबाहेरच्या म्हाताऱ्याने तिथूनच "आमेन" म्हटलं, आणि ते सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

सलमाने वाकून नफ्तालीला उठायला हात दिला.