गंधाची बंदी

वेणीमाधवशास्त्री गंध चोरून लावतात, याबद्दल त्यांच्या बायकोला, शरदिनीबाईंना, तिळमात्र शंका नव्हती.

गंगेकाठी बालाजी घाटाजवळ वेद शिकवणाऱ्या या सत्तरीच्या गृहस्थाच्या कपाळावर, केसांच्या कडेला, जांभळट चट्टा उठला होता. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, गंधातल्या कुंकवाची ॲलर्जी दिसते, गंध बंद. झालं! बाईंनी सहाण आणि चंदनाचं खोड कपाटात टाकलं, किल्ली कमरेला खोचली. चट्टा मात्र पसरतच गेला. म्हणजे घरी नाही तर पाठशाळेत लावतात, दुसरं काय? रोज बाई नवऱ्याचं उपरणं उजेडात धरून बघायच्या. एकदा लाल डाग सापडलाच.

"अगं, रक्त आहे ते. गंगाजीची शपथ, गंध नाही लावत मी," शास्त्रीबुवा म्हणाले.

"रक्त म्हणे! चोर तो चोर, वर शिरजोर."

"मोठ्या अस्पतालात दाखवू या का एकदा?"

"आधी गंध सोडा, मग अस्पताल."

असे पाच महिने गेले. चट्टा भुवईपर्यंत उतरला तेव्हा कुठे बाई निघाल्या, तेही डॉक्टरांकडून नवऱ्याची कानउघाडणी करून घ्यायला. तिथं कातडीचा तुकडा तपासायला गेला, छातीचा स्कॅन झाला. आठवड्यानं दोघांना बोलावणं आलं.

"माताजी, ये एलर्जी नहीं है," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "खून की नसों का कैंसर है. बहुत कम लोगों को होता है, और शुरू में चोट या एलर्जी जैसा ही लगता है. अब फेफड़ों तक पहुँच गया है."

शरदिनीबाईंनी ते शब्द मनात पुन्हा जुळवून पाहिले. रक्ताच्या नळ्यांना कॅन्सर? असाही असतो? डॉक्टरीणबाई इलाजाचं काही सांगत होत्या. ते कानावर पडत होतं, आत शिरत नव्हतं. पाच महिने, एवढंच डोक्यात वाजत होतं.

शास्त्रीबुवा खुर्चीच्या टोकाशी सरकले. "तो तिलक से नहीं हुआ?"

"नहीं बाबा. तिलक का इससे कोई लेना-देना नहीं."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ते बायकोकडे वळले.

"ऐकलंस? नव्हतो लावत गं मी. एकदासुद्धा नाही."