माहेरचा रकाना

१९८८ साली आमच्या भंडाऱ्याच्या संस्थेत संगणक आला. मी नर्स. हत्तीरोगाच्या पाहणीसाठी घरोघर फिरून मी माहिती आणायची आणि टायपिस्ट इश्वरनं ती संगणकात भरायची. प्रत्येक गावाची वेगळी फाईल. रोग माहेरच्या डासांकडूनही आलेला असू शकतो, म्हणून आम्ही प्रत्येक बाईला माहेर विचारायचो.

इश्वर एकोडी गावचा. अबोल, पण महाहट्टी. साहेबांनी त्याला फक्त टायपिंग सांगितलं होतं, तर हा पठ्ठ्या जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून मॅक्रो शिकायला बसला. म्हणजे एरवी बोटांनी द्यायच्या आज्ञा ओळीनं लिहून ठेवायच्या, मग दोन बटणं दाबली की मशीन त्या स्वतःच पाळतं. त्याच्या मॅक्रोनं एकेका गावाची फाईल उघडायची, हवं ते शोधायचं, सापडलेलं कोऱ्या पानावर आणून ठेवायचं आणि पुढच्या गावाला जायचं. एखादी खूण लिहायची राहिली की मशीन मध्येच अडून बसे.

"काहून रे, तुह्या मशीनले बी चाय लागते का?" मी चिडवलं.

तो हसला नाही. "निर्मलाबाई, माय खाटेवर हाये. डाक्टरनं हात टेकले. मरायच्या आधी कुंताबाईले पाह्यचं मनते."

कुंता त्याची थोरली बहीण. तो शाळेत असताना ती बापाच्या मर्जीविरुद्ध एकाबरोबर निघून गेली. कुठं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे सासरी नाव बदलतात, म्हणून त्यानं नावाऐवजी माहेरच्या रकान्यात एकोडी शोधायचं ठरवलं.

अखेर मॅक्रो न अडता चालला. एकोडीच्या लेकी निघाल्या. इश्वर सगळ्यांना ओळखत होता. त्यात कुंता नव्हती. त्याचं तोंड पाहून माझा जीव तुटला.

तेव्हा मला अड्याळची एक बाई आठवली. माहेर विचारल्यावर वर न बघताच म्हणाली होती, "नाही मनून लिवा." मी तिच्यावर खेकसले होते, आणि तसंच लिहिलं होतं.

मी हे सांगताच इश्वरनं एकोडीच्या जागी 'नाही' घातलं. एकच ओळ आली. नाव रंभा. वय जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अड्याळला गेलो. ती दारात धान पाखडत होती. इश्वरला पाहून तिचे हात थांबले.

"बाई, मी इश्वर."

"ओळखलं."

"मायचा जीव तुह्यासाठी अडकून राह्यला. चाल."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी जिती असून बाबानं माही तेरवी केली. गावाले जेवण देल्लं. मायनं पंगत वाढली मनते. मेलेली बाई घरी कशी येईन रे?"

"मायच्या हातात काय होतं?"

"वाढलं ना पन?" तिचे डोळे भरले. "तू जेवून जा. पाव्हणा मनून."

इश्वर जेवला. वाढताना ती रडत होती, जेवताना तो. पण ती आली नाही.

तिथून आम्ही एकोडीला गेलो, तेव्हा माय दाराकडे डोळे लावून होती. इश्वर म्हणाला, "मशीननं सारे गावं पाह्यले, माय. नाही सापडली." मला त्याचा राग आला. पण खरं तरी काय सांगणार होता?

"मशीनले बी नाही सापडली?" म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. "मंग खरंच मेली माही कुंता." आणि अंगात उरला होता तेवढा सगळा जीव लावून ती रडली.

कुंताच्या तेरवीच्या दिवशी बापानं मायला रडू दिलं नव्हतं, हे इश्वरनं मला परतताना सांगितलं.