लहान तेवढी खाडीत

परवाना सुनेच्या नावावर होता आणि ती त्याला जिवापाड जपायची. दूरच्या खाडीतली जिवंत कालवं दुकानातल्या टाकीत ठेवायची, तर अटी काय थोड्या? टाकीचं पाणी औषध घातल्याशिवाय सोडायचं नाही, मेलेलं कालव उकळल्याशिवाय टाकायचं नाही, आणि टाकीत आलेलं एकही पुन्हा खाडीत जायचं नाही. तपासणीवाले साहेबसुद्धा म्हणायचे, बाई, तुमच्याकडे बोट ठेवायला जागा नाही.

दुकानामागच्या खाडीत धाकट्या दिराची कालवांची शेती होती. खांबांना जाळ्या बांधून त्यानं ती उभी केली होती, अख्ख्या घराचं पोट तिच्यावर. बाहेरच्या मालाचा रोग त्याच्या जाळ्यांना लागला, तर त्याला तोंड कसं दाखवायचं? म्हणून तर सून डोळ्यांत तेल घालून बसायची.

तरी लागलाच मेला. जाळ्यांतली कालवं पटापट मरायला लागली आणि साहेब थेट दुकानात आले. रोग दूरच्या खाडीतलाच निघाला होता. सुनेनं टाकी दाखवली, औषध दाखवलं, उकळायचं पातेलं दाखवलं. सगळं जिथल्या तिथे. साहेबही चक्रावले. दीर दारात उभा राहून नुसता बघत होता.

कोपऱ्यात सासरे माल निवडत बसले होते. जन्म खाडीत गेला, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सुनेला हातभार लावायचे. साहेबांनी त्यांना सहज विचारलं, आजोबा, टाकीतलं काही बाहेर जातं का?

"छे हो," सासरे म्हणाले. "लहान लहान तेवढी खाडीत सोडतो. वाढायच्या आधी मारायची कशी?"

अटी सुनेनं त्यांना कितीदा समजावल्या होत्या, आणि त्यांनी मान डोलावून पाळल्याही होत्या. पण लहान दिसलं की परत सोडायचं, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक होतं. डोक्याला कोण विचारतंय? आता ओरडायचं तरी कोणावर?

साहेबांचा आवाज उतरला. परवाना तर गेलाच, वर खाडीतल्या सगळ्या जाळ्या काढून चुन्यात पुराव्या लागतील, दिराच्यासुद्धा, असं त्यांनी सांगितलं. दीर बापाकडे न बघता निघून गेला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं.

ओहोटी लागली तेव्हा सासरे कोपऱ्यात नव्हते. ती धावत मागे गेली. म्हातारा गुडघाभर चिखलात वाकून बादलीत कालवं वेचत होता.

"बाबा, चला घरी. आता याचा काही उपयोग नाही."

"मी सोडली, मीच वेचतो. धाकट्याला म्हणावं, जाळ्यांना हात लावू नकोस. भरतीच्या आत होईल सगळं."

मग दोन्ही हातांतली दोन कालवं त्यांनी तिच्यापुढे धरली. "नजर अधू झाली गं माझी. यातलं आपलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, तू सांग बरं."

तिनं नीट पाहिलं. दोन्ही सारखीच होती. तिनं चपला काढल्या, चिखलात उतरली आणि त्यांच्या शेजारी बादली धरून उभी राहिली.