माणशी पंच्याऐंशी रुपये

गरिबी हटवायची असेल तर ती आधी नीट मोजली पाहिजे, हे सत्य आता कोणी नाकारत नाही. नागपूरच्या एका पाहणी कचेरीत ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलेलं होतं. भिंतीला ओल आल्यामुळे १९८० च्या पावसाळ्यापर्यंत त्यातलं 'मोजली पाहिजे' एवढंच शिल्लक राहिलं होतं, आणि कचेरीचं काम तेवढ्यावर उत्तम चाललं होतं.

मधुकरराव या कचेरीत पाहणी-कारकून होते. माणूस सज्जन. त्यांच्याकडे कुही तालुक्यातलं एक गाव आलं. गावातली दहा घरं निवडायची, गेल्या तीस दिवसांत प्रत्येक घरात काय काय खपलं ते तक्त्यात लिहायचं, त्याची किंमत काढायची, आणि घरातल्या माणसांनी भागायचं. उत्तर माणशी शहात्तर रुपयांच्या रेषेखाली आलं तर घर गरीब. गरीब ठरलेल्या घराला सरकारकडून दोन शेळ्या.

पाचवं घर पंचफुलाचं होतं. तिचा नवरा धोंडबा सोळा दिवसांपूर्वी वारला होता. घरात ती, तिची सासू भागीरथाबाई आणि दोन लहान पोरी. मधुकररावांनी रीतीप्रमाणे हळहळ व्यक्त केली आणि तक्ता उघडला.

"तांदूळ किती खपला?"

"आमचा रोजचा थोडकाच, बाबूजी," पंचफुला म्हणाली. "तेरवीले मात्र पंचवीस किलो लागला. चाळीस पानं उठली."

"तो तांदूळ विकत आणला?"

"भावानं देल्ला."

"भेटीचा तांदूळ बाजारभावानं धरायचा असतो," मधुकररावांनी लिहिता लिहिता सांगितलं. "औषधपाणी?"

"नागपूरले धंतोलीच्या दवाखान्यात नेलं होतं त्यायले. एकशे दहा गेले. पायातल्या चांदीच्या पट्ट्या विकल्या. बाबूजी, शेळ्या भेटतीन ना? एक जरी दुभती भेटली तरी पोरीयच्या पोटात दूध जाईन. मोठी हाडंहाडं झाली आहे."

"हिशोब होऊ द्या."

हिशोब झाला. औषधपाणी एकशे दहा, तेरवी पंच्याण्णव, घरखर्च एकशे पस्तीस. एकूण तीनशे चाळीस. भागिले चार. माणशी पंच्याऐंशी रुपये.

मधुकररावांनी पुन्हा भागून पाहिलं. उत्तर बदललं नाही.

"बाई, तुम्ही रेषेच्या वर आहात," ते खालच्या आवाजात म्हणाले.

पंचफुलाला वाटलं, वर म्हणजे यादीत वर. तिनं हात जोडले. तेव्हा मधुकररावांना सगळं समजावून सांगावं लागलं, आणि ते सांगत असताना कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली भागीरथाबाई पुढे सरकली.

"का गा बाबू, तेरवीचा भात आमी चौघीनं खाल्ला?"

"कोणी खाल्ला ते विचारायचं नसतं, आजी. चूल कोणाची ते पाहायचं असतं."

"अन् पोराचं औषध? थेबी आमीच पेलो?"

"तो या घरचा खर्च आहे."

"मंग त्याले काहून नाई धरलं भागाले? महिनाभर थो याच बाजेवर तळमळून राहिला होता."

"पाहणीच्या दिवशी जे हयात असतात, तेच धरतात."

"पाच धरले असते त किती येत होतं?"

मधुकररावांनी कागदाच्या कडेला आकडा मांडला. "अडुसष्ट."

"म्हंजे माहा पोरगा जित्ता असता त आमी गरीब होतो. मेला, त श्रीमंत झालो." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "आता या दोन पोरीईतली एक गेली, त माडी बांधाचा हुकूम येईन का गा सरकारचा?"

"अवं मामी, चूप ऱ्हाय ना!" पंचफुला सासूवर ओरडली आणि धाकटीला जवळ ओढून बसली.

नागरिकहो, त्या क्षणी मधुकररावांच्या काळजात काहीतरी हललं! बारा वर्षं आपण घरं मोजली, पण त्या घरातली माणसं कधी पाहिली? परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळूनही बाहेर बघवेना. घरी गेल्यावर बायकोनं वाढलेला भात त्यांनी निम्मा ताटात टाकला, आणि तेवढा भात आपल्याच घरच्या खपात धरला जाणार, या विचारानं त्यांना आणखी अपराधी वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार पानांचं टिपण लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यात शेवटी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: "गरिबाच्या चुलीवर काय शिजलं एवढंच मोजू नये. ते कोणाच्या पोटात गेलं, आणि त्यासाठी घरातलं काय विकलं गेलं, हे विचारावं. तसं न विचारता काढलेला आकडा बरोबर असूनही खोटा असतो." या कथेचा बोध हाच आहे. वाचकांनी तो जरूर लक्षात ठेवावा.

साहेब मनोहरराव भावनाप्रधान होते. त्यांनी टिपण दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

"मधुकरराव, तुम्ही माझे डोळे उघडलेत! मृत्यूमुळे आकडे बिघडतात, हे इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानातच आलं नाही."

"साहेब, पण ती बाई..."

"तिच्यावर अन्याय होणार नाही. आजच परिपत्रक काढतो."

परिपत्रक खरंच त्याच दिवशी निघालं. ज्या घरात गेल्या तीस दिवसांत मृत्यू झाला असेल, त्या घराचा तक्ता रद्द करून लगतचं घर घ्यावं. अशा प्रकारे पंचफुला श्रीमंत राहिली नाही. गरीबही राहिली नाही. तिच्या तक्त्यावर मधुकररावांनी स्वतःच्या हातानं तिरपी रेघ मारली. आपल्याच टिपणावरून निघालेला हुकूम मोडायचा कसा, हे त्यांना सुचलं नाही.

लगतचं घर नानाजींचं होतं. नानाजींची धानगिरणी होती, आणि पंचफुलाच्या झोपडीची मागची भिंत त्या गिरणीच्या कुंपणाला लागून होती. नानाजींनी मधुकररावांना चहा दिला आणि सगळी उत्तरं प्रामाणिकपणे दिली. घरची आठही माणसं पंचवीस दिवस पारशिवनीला सोयऱ्यांकडे लग्नाला गेली होती. चूल पेटली ती पाच दिवस. लग्नात जेवलेलं लग्नघराच्या चुलीवर गेलं. हिशोब माणशी एकोणचाळीस रुपये आला.

"म्हणजे आमी गरीब का गा, मधुकरराव?" नानाजींनी विचारलं.

"तक्त्याप्रमाणे, हो."

"अरे बाप्पा! घरी कोणाले सांगू नोका. बायकोले लाज वाटन."

शेळ्या दिवाळीआधी नानाजींच्या दारात आल्या. दोन्ही दुभत्या आहेत. पंचफुला त्या चारते, दिवसाचा दीड रुपया मिळतो.