ऋताची पट्टी

वर्षभर सुनंदा वारलेल्या लेकीची, ऋताची, गिटार रोज पुसायची आणि एकदा तारांवरून बोट फिरवायची. तारा धरणारा ब्रिज पार झिजला होता, म्हणून नको तो शहाणपणा करून तिने ती घाटकोपरला, ऋताच्या नेहमीच्या गिटार दुरुस्तीवाल्या यज्ञेशकडे टाकली.

त्याने नवा ब्रिज झकास बसवला. मग विचारलं, "काकू, सुराची पट्टी कुठली ठेवू? ऋता आपल्या गळ्याला झेपेल इतक्या तारा उतरवून, सूर हलू नये म्हणून लॉक करायची ना?"

"होती तीच ठेव की रे."

"ब्रिज काढायला लॉक उघडावंच लागतं, काकू. आधी बघून ठेवायला हवी होती. चुकलं माझं."

पट्टी तर सुनंदाला पाठ होती. तिने डोळे मिटून गुणगुणून पाहिलं. निघाला तो तिचाच सूर, साठीतल्या बाईचा.