ल्युटेशियमचे दिवस

श्रीनिवास साठ्यांचा सारा जन्म पुण्यातल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात गेला. पत्नी वारल्यावर ते सिंगापूरला लेकीकडे, चैत्रालीकडे, राहायला आले. इथेच त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरल्याचं कळलं. नेहमीची औषधं थकली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता ल्युटेशियम देऊन बघू."

नाव ऐकून म्हातारा खुलला. टॅक्सीत लेकीला सांगत राहिला, "दुर्मीळ मृदा धातूंच्या रांगेतला शेवटचा गडी हा! पॅरिसच्या एका शास्त्रज्ञानं तो वेगळा काढला आणि आपल्या शहराचं जुनं रोमन नाव त्याला दिलं, ल्युटेशिया. मी वर्गात सांगायचो, याचा फारसा उपयोग नाही. आता माझ्याच अंगात शिरतोय."

"दुखेल का, बाबा?"

"छे! शिरेतून जाईल, कॅन्सरच्या पेशींना चिकटेल आणि तिथल्या तिथे किरण सोडेल. थोडे बाहेरही येतील, एवढंच."

एवढंच नव्हतं. चैत्रालीला पाचवा महिना लागला होता. डोसनंतर काही दिवस गरोदर बाईनं पेशंटपासून लांब राहायचं, असं नर्सनं बजावलं. बेडोक उपनगरातल्या त्यांच्या छोट्या फ्लॅटमध्ये लांब जाऊन जाणार कुठे? जावई विक्रांत सासऱ्यांना जेवण न्यायचा, उलटी झाली की पाठ चोळायचा. चैत्राली दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. ती नुसती उठली तरी बाबा हात वर करायचे. "तिथेच थांब."

ठरलेले दिवस सरले. आता हरकत नाही, असा नर्सचा फोन आला. तरीही ती जवळ आली की ते पलंगाच्या पार कडेला सरकायचे.

"बाबा, आठवडाभरात ते ल्युटेशियम निम्मं होतं, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. निम्म्याचं निम्मं होऊ दे."

"असं निम्मं निम्मं करत बसलात तर शून्य कधीच यायचं नाही."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या डोसनंतर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. या यंत्राच्या स्फटिकांतही ल्युटेशियमच असतं, हे त्यांनी तिथल्या तंत्रज्ञाला मोठ्या हौसेनं सांगितलं. त्याच यंत्रानं यकृतावरचे नवे डाग दाखवले. डॉक्टरांनी तिसरा डोस देण्यात अर्थ नाही म्हटलं, तेव्हा चैत्रालीला रडू आवरेना. बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे आता अंगात काही भरायचं नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी हाक मारली, "चैतू, इकडे ये."

ती अगदी खेटून बसली. त्यांनी तळवा तिच्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली तसे ते दचकले, हसले आणि मग हुंदके देऊन रडले. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. खांद्याचं हाड टोचत होतं, पण ती हलली नाही.

त्यानंतर दुपारच्या दुपारी दोघं तशीच बसून असायची. तिला आठवा लागला आणि एका सकाळी ते गेले. विक्रांतनं अस्थी समुद्रात सोडल्या.

मुलगी झाली, आणि रजा संपल्यावर चैत्राली शहराच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात जाऊ लागली. पाळणाघरातल्या बाया लेकीशी इंग्रजीत बोलतात, मायेनं बोलतात. तिच्याशी दिवसभर मराठीत बडबडायला मात्र घरात कुणी उरलं नाही.